खताची घरगुती चाळणी: आठ महिने वापरल्यावर सुटलेला कोपरा

गेल्या रविवारी भरल्या चाळणीचा एक कोपरा सुटला आणि घमेलंभर चाळून ठेवलेल्या कंपोस्ट खतात वरचं सगळं जाडंभरडं कोसळलं. तासाभराची मेहनत वाया गेली. म्हणून आधी हेच सांगते: जाळी किती इंची, म्हणजे केवढ्या भोकांची घ्यायची याचा काथ्याकूट आपण सगळेच करतो, पण ती चौकटीला कशी धरायची हे कुणी विचारत नाही.

चौकट दोन फूट बाय दीड फूट, घमेल्यावर आडवी बसेल अशी. लाकूड पॅकिंगच्या पट्ट्यांचं, फुकट मिळालेलं. अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी तारेची) जाळी आणि पिना मिळून 240 रुपये. विकतच्या चाळण्यांच्या किमती बघून मी घरीच करायची ठरवली, त्याचा अजूनही आनंद आहे.

चुकलं ते जोडताना. जाळी चौकटीच्या खालून स्टेपलरच्या पिनांनी ठोकली होती. चाळणी हलवली की खताचं ओझं जाळीला खाली ओढतं आणि पिना सरळ उपसून निघतात. शिवाय जाळी कापली की तारेच्या टोकांवर जस्ताचा मुलामा राहत नाही, तिथे ओलं खत लागून गंज धरतो. माझा कोपरा तिथेच गेला. आता नवी जाळी चारही बाजूंनी दोन इंच मोठी कापली, कडा चौकटीच्या बाहेरच्या अंगाला वर वळवल्या, त्यावर लाकडी पट्टी दाबून दर चार इंचांवर स्क्रू मारले. ओझं आता स्क्रूला उपसत नाही, आडवं येतं. तारेची टोकंही पट्टीखाली गेली. आधी ती हाताला फार ओरखडायची.

जानेवारीत मी मैत्रिणीला ठासून सांगितलं होतं की पाव इंची जाळीच घे. ते मत मागे घेते. पावसाळ्यात पाव इंची दहा मिनिटांत लिंपून गेली, आणि खरं तर अर्धा इंचीही तुंबली. दोष जाळीचा नव्हताच, खत ओलं होतं. मुठीत आवळल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, इतपत सुकलेलं खत हवं. मी ते दिवसभर गोणपाटावर सावलीत पसरून ठेवते. पाव इंची आता फक्त टोमॅटो-मिरचीच्या रोपांच्या मिश्रणासाठी.

वर उरलेलं टाकू नका. कोयी, नारळाच्या शेंड्या, न कुजलेल्या साली खताच्या नव्या डब्यात विरजण म्हणून जातात. फळांवरचे स्टिकर मात्र वेचून काढा, ते प्लास्टिकचे असतात, कुजत नाहीत. आणि खत हाताने जाळीवर रगडू नका, गांडुळं चिरडतात.

दुरुस्तीनंतर काल तीन घमेली चाळली. चारही कोपरे दाबून पाहिले, घट्ट आहेत. पहिलं घमेलं मोगऱ्याला गेलं.