तालुक्याचा गावनकाशा वेबवर टाकायचाय : लीफलेट की मॅपलिब्रे?

हातात गावांच्या हद्दींची शेपफाइल (नकाशाच्या आकारांची फाइल) आहे आणि ती मराठी नावांसकट मोबाइलवरच्या नकाशात दाखवायची आहे. अशा वेळी साधारण दोन रस्ते समोर येतात. लीफलेट आणि मॅपलिब्रे ही दोन्ही वेबपानावर नकाशा दाखवणारी जावास्क्रिप्टची अवजारं. एक, लीफलेटमध्ये जिओजेसन (हद्दी मजकुराच्या रूपात ठेवणारी) फाइल थेट चढवायची. दुसरा, व्हेक्टर टाइल्स, म्हणजे हद्दींच्या डेटाचे चौकोनी तुकडे, बनवून त्या मॅपलिब्रेत दाखवायच्या. दोन्ही फुकट आहेत आणि दोन्ही मुक्त स्रोत, तेव्हा खर्चाचा मुद्दा इथेच संपतो.

फाइलची तयारी दोन्हीकडे सारखीच, आणि बहुतेक रडगाणी तिथलीच. नकाशा कोरा दिसला तर आधी प्रोजेक्शन, म्हणजे फाइलमधले आकडे कोणत्या मोजमाप पद्धतीत आहेत ते, बघा. आपल्याकडच्या बऱ्याच फाइली यूटीएममध्ये (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) असतात, म्हणजे 78 रेखांशाच्या पश्चिमेला झोन 43 आणि नागपूर-चंद्रपूरकडे झोन 44. क्यूजीआयएस या नकाशांच्या मुक्त सॉफ्टवेअरमधून निर्यात करताना ईपीएसजी 4326 (साधे अक्षांश-रेखांश) निवडा आणि दशांश स्थळं 5 ठेवा. पाचवं स्थळ म्हणजे साधारण एक मीटर. गावाच्या हद्दीला त्याहून बारीक काही लागत नाही, आणि फाइल मात्र निम्म्यावर येऊ शकते. नावांच्या जागी अगम्य चिन्हं आली तर सोबतची सीपीजी फाइल, जी अक्षरांचं एन्कोडिंग सांगते, हरवलेली असते. एन्कोडिंग हाताने यूटीएफ-8 करून बघा. हद्दींचे बिंदू मॅपशेपर या अवजारात कमी करा, कारण तो शेजारच्या दोन गावांची सामाईक रेघ एकच धरतो. प्रत्येक गाव सुटं धरून साधेपणा आणणाऱ्या अवजारांत गावांमध्ये फटी पडतात.

आणखी एक नेहमीची चूक. जिओजेसनमध्ये रेखांश आधी येतो, लीफलेटच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये अक्षांश आधी. उलटसुलट झालं की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन बसतं.

वजन उचलण्यात मॅपलिब्रे पुढे आहे, त्यात वाद नाही. लीफलेट मुळात प्रत्येक हद्द एसव्हीजीचा (ब्राउझरमधल्या रेखाचित्रांचा प्रकार) स्वतंत्र घटक म्हणून काढतं. काही हजार आकार झाले की मध्यम किमतीचा फोन अडखळतो. सगळ्या हद्दी एकाच चित्रफलकावर काढणारा प्रिफर-कॅनव्हास हा पर्याय चालू केला की बराच फरक पडतो, पण राज्यातली 40 हजारांहून अधिक गावं एकदम दाखवायची तर तोही पुरत नाही. तिथे टिपेकनू या अवजाराने टाइल्स बनवून पीएमटाइल्सची (सगळ्या टाइल्स एकत्र ठेवणारी) एकच फाइल सर्व्हरवर ठेवणं शहाणपणाचं. सर्व्हर फाइलचा मागितलेला तुकडाच देतो ना, एवढं आधी तपासा. सर्व्हरच्या उत्तराचा कोड 206 (‘फाइलचा तुकडा’) यायला हवा. टिपेकनूचा ‘दाट तिथे गाळा’ हा पर्याय हद्दींना मात्र लावू नका. दूरच्या झूमला गावंच गायब होतात आणि नकाशाला भोकं पडतात.

एवढं सगळं मॅपलिब्रेच्या बाजूने असूनही माझा कौल तालुक्यापुरता लीफलेटलाच जातो. कारण एकच, नावं.

मॅपलिब्रे अक्षरं ब्राउझरकडून काढून घेत नाही. फॉन्टमधली चिन्हं एकेक करून स्वतःच मांडतं, आणि देवनागरीची जोडणी ही त्याची जुनी दुखरी बाजू. ‘शिरूर’मधली वेलांटी ‘श’च्या आधी न येता नंतर लागते, ‘कर्जत’चा रफार ‘ज’वर न चढता ‘र’चा पाय मोडून उभा राहतो, आणि ‘त्र्यंबकेश्वर’कडे तर बघवत नाही. गंमत म्हणजे सातारा, परभणी, पालघर या नावांत ऱ्हस्व वेलांटी नाही, जोडाक्षर नाही, त्यामुळे ती व्यवस्थित दिसतात. चाचणीला नेमकी तीच घेतली तर दोष कळतच नाही. चाचणीला कर्जत घ्या. नव्या आवृत्त्यांत चित्र बदलू शकतं, म्हणून तुमच्याच आवृत्तीवर बघा.

उपाय आहेत. नाव ब्राउझरच्या कॅनव्हासवर लिहून त्याचं चित्र नकाशाला चिन्ह म्हणून देता येतं. ‘चित्र सापडलं नाही’ या घटनेवर ते जागच्या जागी तयार करायचं. गावांच्या नावांना हे चालतं, पण नदीच्या वळणाबरोबर वळणारं नाव हवं असेल तर नाही. फॉन्ट आणि डेटा आधीच खास सांकेतिक रूपात बदलून घेण्याचीही पद्धत आहे. दीडशे गावांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला वाटतं. कुणाचं मत वेगळं असू शकेल.

लीफलेटमध्ये नाव म्हणजे साधं एचटीएमएल. ब्राउझर ते पानावरच्या इतर मजकुरासारखंच नीट काढतो. त्रास वेगळा होतो: नावं एकमेकांवर चढतात, कारण टक्कर टाळायची सोय त्यात नाही. म्हणून नावांचा थर वेगळा ठेवा, झूम 12 च्या पुढेच दाखवा, आणि पडद्यावरच्या चौकटीत येतील तेवढीच नावं चढवा. नावाची जागा लीफलेटवर सोडू नका. दोन तुकड्यांच्या गावात ते नाव भलत्याच तुकड्यावर टाकू शकतं. क्यूजीआयएसमध्ये ‘पॉइंट ऑन सरफेस’ने (हद्दीच्या आतच बिंदू देणारी सोय) बिंदू काढून त्यांची वेगळी फाइल करा.

फोनवर पान वर सरकवताना बोट नकाशात अडकतं, ती तक्रार दोन्हीकडे येते. मॅपलिब्रेत त्यासाठी दोन बोटांचा पर्याय आयताच आहे, लीफलेटला प्लगइन (वेगळी जोडणी) जोडावं लागतं.

पार्श्वभूमीच्या नकाशाचाही विचार करा. तयार चित्र-टाइल्समध्ये देशाच्या सीमा आधीच छापलेल्या असतात आणि त्या भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी जुळतीलच असं नाही. व्हेक्टर नकाशात सीमांचा थर बंद करून स्वतःचा टाकता येतो. सरकारी कामासाठी किंवा अख्ख्या देशाच्या नकाशासाठी एवढ्या एका कारणावर मॅपलिब्रे घेतलं तरी चूक नाही. तालुक्याच्या नकाशात किमान झूम 9 वर अडवलं आणि हलण्याची मर्यादा तालुक्याभोवती आखली की त्या सीमा बहुधा पडद्यावर येतच नाहीत.