मुलीच्या अमेरिकेतल्या रेसिडेन्सीचा व्हिसा आणि सोलापुरातल्या सात रस्त्याजवळचं हे सल्लाकेंद्र

पाचपैकी चार तारे देतोय. पाचवा का नाही, तेही खाली लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे हे केंद्र रेसिडेन्सी (एमबीबीएसनंतरचं रुग्णालयातलं प्रशिक्षण) मिळवून देत नाही, आणि फी घेण्याआधी केंद्राच्या मॅडम स्वतःच तसं सांगतात. यूएसएमएलई ही तिथली डॉक्टरी परवान्याची परीक्षा मुलांनी द्यायची, रुग्णालयांच्या मुलाखती त्यांनीच द्यायच्या. इथे मिळतो तो व्हिसाचा सल्ला आणि कागदांची तयारी. माझा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे, थोडा माल बाहेर जातो. एका अक्षराच्या चुकीने माल बंदरावर कसा अडकून पडतो ते मी पाहिलंय. म्हणून कागदाला किंमत देणारा माणूस मला लगेच ओळखू येतो.

मुलगी आपल्या वैशंपायन कॉलेजची एमबीबीएस. बॉण्डची सेवा झाली, लग्न झालं, जावई पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये. तिला आधी इंटर्नल मेडिसिन आणि मग कार्डिऑलॉजी करायचं होतं. इथे येण्याआधी पुण्यातल्या एका एजंटाकडे गेलो होतो. त्याने सांगितलं, "जे-१ (प्रशिक्षणासाठीचा एक्स्चेंज व्हिसा) घ्या, पुढे सरकारकडून ना हरकत पत्र आणून देऊ, परत येऊन दोन वर्षं राहायची अट निघून जाईल." त्याबद्दल त्याने भलीमोठी रक्कम सांगितली.

मॅडमनी हे ऐकलं आणि म्हणाल्या, "साहेब, ते पत्र इथं चालतच नाही की." रेसिडेन्सी किंवा फेलोशिपसाठी (त्यापुढचं खास विषयाचं प्रशिक्षण) जे-१ वर गेलेल्या डॉक्टरला ना हरकत पत्राचा मार्ग अमेरिकेच्या कायद्यानेच बंद आहे. शिक्षण संपलं की मायदेशी एकूण दोन वर्षं राहायचं, तोवर एच-१बी (नोकरीचा व्हिसा) नाही आणि ग्रीन कार्डही नाही. या अटीतून सुटायचे रस्ते मोजके. त्यातला डॉक्टरांसाठी सगळ्यात रुळलेला म्हणजे कॉनरॅड ३०. प्रत्येक राज्याला वर्षाला ३० जागा. डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं पूर्णवेळ काम करायचं, तेही एच-१बी वर. काही राज्यांत या जागा पटकन भरतात, काहींत उरतात. कुठे जायचं याचा विचार फेलोशिप संपायच्या बराच आधी सुरू करावा लागतो, हेही त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. पहिल्या बैठकीची फी १,५०० रुपये. माझ्या मते पुढचा सगळा खर्च त्या एका तासाने योग्य वळणावर आणला.

माझा ओढा एच-१बी कडे होता. ओळखीतली आयटीतली सगळी पोरं त्याच व्हिसावर गेलेली. मॅडमनी कागदावर दोन रकाने आखले. एच-१बी वर परत येण्याची अट नाही, स्थायिक व्हायचा इरादा असला तरी अडत नाही. पण त्यासाठी यूएसएमएलईचा शेवटचा टप्पा, म्हणजे स्टेप ३, आधीच पास हवी, रुग्णालयाने स्वतः अर्ज करायला हवा, आणि एकूण मुदत सहा वर्षं. इंटर्नल मेडिसिनची तीन आणि कार्डिऑलॉजीची तीन झाली की मुदत तिथेच संपली. जे-१ ची शिक्षणासाठीची कमाल मुदत सात वर्षं. त्यात प्रायोजक रुग्णालय नसतं, ईसीएफएमजी ही परदेशी डॉक्टरांची पात्रता तपासणारी अमेरिकी संस्था असते, आणि स्टेप ३ आधी लागत नाही. शिवाय फक्त जे-१ देणारी रुग्णालयं भरपूर आहेत, एच-१बी देणारी त्या मानाने कमी. म्हणजे एच-१बी चाच हट्ट धरला तर अर्ज करायच्या जागाच कमी होतात.

मग जावयाचा प्रश्न. हे आम्हाला दुसऱ्या कुणीच सांगितलं नव्हतं. एच-४ वर (एच-१बी वाल्याच्या कुटुंबाचा व्हिसा) गेलेल्या जोडीदाराला सहसा काम करता येत नाही. ग्रीन कार्डची प्रक्रिया एका टप्प्यापर्यंत गेली तरच परवानगी मागता येते. जे-२ वाल्याला (जे-१ वाल्याच्या जोडीदाराला) तिथे पोहोचल्यावर कामाच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र मुख्य व्हिसाधारकाचा खर्च भागवायला ती कमाई हवी, असं कारण त्यात देता येत नाही. आणि दोन वर्षांची अट जे-२ वाल्यालाही लागते. मॅडमनी हे मुलीला एकटीला सांगितलं नाही, जावयाला पुण्याहून बोलावून घ्यायला लावलं. मला हे फार आवडलं, कारण पुढची सात वर्षं दोघांची असणार होती.

माझी आई त्या दिवशी सोबत होती. तिला मराठी समजतं, पण मनातलं ती तेलुगूतच बोलते. तिने विचारलं, नात परत येणार का? मॅडम तिच्याशी तेलुगूत बोलल्या. कायदा परत यायला सांगतो, पण सूट घेऊन तिथे राहताही येतं, आणि ते तुमच्या नातीने ठरवायचंय, असं नीट समजावलं. भैय्या चौकातल्या डॉ. कोटणीसांच्या घराजवळून आई आयुष्यभर येत-जात आली आहे. १९३८ मध्ये चीनला गेलेला आपल्या गावचा डॉक्टर १९४२ मध्ये तिकडेच वारला, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. तिच्या प्रश्नामागे ते होतं. तिला खोटा दिलासा दिला नाही, याबद्दल मी या केंद्राचा कायम आभारी राहीन.

शेवटी जे-१ ठरला. त्यासाठी दिल्लीच्या आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' लागतं. या विषयातल्या डॉक्टरांची देशाला गरज आहे आणि या डॉक्टरने परत येण्याचं लेखी आश्वासन दिलंय, असं ते पत्र. त्यात विषयाचं नाव असतं, त्यामुळे पुढे फेलोशिपला गेलं की नवं पत्र काढावं लागतं. केंद्राने लागणाऱ्या कागदांची यादी मॅचच्या (कोणत्या डॉक्टरला कोणतं रुग्णालय, त्याचा निकाल) आधीच हातात दिली होती. पासपोर्ट, पदवी आणि मेडिकल कौन्सिलची नोंदणी यांतलं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घेतलं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव आणि पदवीवर माहेरचं, हा घोळ त्यांनीच पकडला.

२१ मार्च २०२५ ला मॅच लागला. डीएस-२०१९ (जे-१ साठी प्रायोजकाचं पत्र) हातात येताच मॅडमनी त्याच दिवशी आम्हाला समोर बसवलं. डीएस-१६० हा व्हिसाचा अर्ज भरून घेतला, सेव्हिस या एक्स्चेंज नोंदणीचे २२० आणि व्हिसाचे १८५ डॉलर आमच्याच कार्डावरून सरकारी संकेतस्थळांवर भरायला लावले, वर एक रुपया कमिशन घेतलं नाही, आणि मुंबईची जूनच्या सुरुवातीची तारीख पक्की केली. मी म्हणत होतो, एवढी घाई कशाला? २७ मे ला अमेरिकेने विद्यार्थी आणि एक्स्चेंज व्हिसाच्या नव्या तारखा देणं थांबवलं. ते १८ जूनला पुन्हा सुरू झालं. रेसिडेन्सी १ जुलैला सुरू होते, त्याआधी ओरिएंटेशन असतं. आधीच घेतलेल्या तारखा रद्द झाल्या नव्हत्या, म्हणून आमची टिकली. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने गेलो, बीकेसीतल्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाली, व्हिसा मिळाला. मुलाखतीचा सराव घेताना मॅडमनी पाठ केलेली उत्तरं द्यायला सक्त मनाई केली होती. शिकून झाल्यावर काय करणार, याचं जे खरं ते उत्तर मुलीला आधी स्वतःशी ठरवायला लावलं.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने देशाबाहेरच्या लोकांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं. ते रुग्णालयाने भरायचं, म्हणजे रेसिडेंटसाठी ते भरायला किती जण तयार होतील याचा विचार करूनच आता निवड करा. आणि जे-१ वाल्यांना आता सोशल मीडियाची खाती सगळ्यांना दिसतील अशी ठेवावी लागतात.

आता पाचवा तारा. ब्रिटनबद्दल इथली माहिती तोकडी आहे. प्लॅब २ ही तिथल्या डॉक्टरी नोंदणीसाठीची परीक्षा मँचेस्टरला होते, त्यासाठी व्हिजिटर व्हिसावर जाता येतं, नोकरी लागल्यावर हेल्थ अँड केअर व्हिसा, एवढ्यावर गाडी थांबली. तिथे प्रशिक्षणाच्या जागांसाठी चुरस किती, हे मी विचारलं तेव्हा नेमकं उत्तर आलं नाही. जर्मनीबद्दल मात्र माझ्या पुतण्याला प्रामाणिक सल्ला मिळाला. तिथे मध्यवर्ती मॅच नसतो, रुग्णालयांत थेट अर्ज करायचे. पण आधी बी२ पातळीचं जर्मन, मग डॉक्टरी भाषेची सी१ पातळीची परीक्षा, आणि बहुतेक भारतीय पदवीधरांना ज्ञानाची वेगळी परीक्षा, तेव्हा अप्रोबेशन, म्हणजे डॉक्टरीचा परवाना, मिळतं. त्याला त्यांनी फी न घेता परत पाठवलं, "आधी पुण्याला मॅक्स म्युलर भवनात भाषा करून या."

संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत, आणि कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आईला चढवताना फार त्रास झाला. निदान ज्येष्ठांसाठी खाली बसायची सोय करावी, ही माझी त्यांना मनापासून विनंती.

अमेरिकेला जाणाऱ्यांनी उन्हाळ्यातच यांच्याकडे जावं. रुग्णालयांकडे अर्ज सप्टेंबरमध्ये जातात, आणि कोणतं रुग्णालय कोणता व्हिसा देतं ही यादी त्याआधी तयार हवी. नवरा किंवा बायको असेल तर सोबत न्या, आणि सगळ्या मूळ कागदांवरची नावं घरीच एकदा ताडून बघा.