सोलापुरी टॉवेलच्या संकेतस्थळासाठी वर्डप्रेस, जूमला की ड्रुपल?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टेरी टॉवेलच्या कारखान्यासाठी नवे संकेतस्थळ उभारायचे ठरल्यावर मी तीन सीएमएस (संकेतस्थळावरचा मजकूर सांभाळणाऱ्या प्रणाली) एकाच लॅपटॉपवर बसवून प्रत्येकात तीच दहा पाने भरून पाहिली. तिन्ही मुक्त स्रोत आहेत आणि पीएचपी या संगणकीय भाषेत लिहिलेले आहेत, त्यामुळे मूळ सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत. खर्च येतो तो होस्टिंगचा (संकेतस्थळ इंटरनेटवर ठेवण्याच्या जागेचा), थीमचा (तयार रूपरचनेचा) आणि काम करून देणाऱ्याचा. आमचे जुने संकेतस्थळ ज्यांनी करून दिले होते, त्यांनी पासवर्ड स्वतःकडेच ठेवल्याने साधा भाव बदलायचा झाला तरी फोन करावा लागे. म्हणून या वेळी कसोटी एकच ठेवली: आमच्या ऑफिसात बिले करणारे मामा कोणाला न विचारता नवा माल चढवू शकतात का?

या कसोटीवर वर्डप्रेस सरळ पुढे निघून गेला. २००३ साली ब्लॉग लिहिण्याचे साधन म्हणून त्याचा जन्म झाला आणि तो वारसा अजून उपयोगी पडतो, कारण लिहिणे आणि प्रसिद्ध करणे यांत फारसे काही आड येत नाही. २०१८ मध्ये आलेल्या ब्लॉक एडिटरवर, म्हणजे पान तुकड्यातुकड्यांनी रचण्याच्या साधनावर, पुष्कळ टीका झाली. मामांनी मात्र पहिल्याच दुपारी ३० बाय ६० इंची टॉवेलचे पान छायाचित्र, जीएसएम (दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) आणि रंगांसह तयार केले.

अडचण आली ती लिंकमध्ये, आणि मराठीत काम करणाऱ्याने ती आधीच समजून घ्यावी. वर्डप्रेस शीर्षकावरून लिंक बनवतो, पण तिच्या या भागाला २०० वर्णांची मर्यादा आहे आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-मात्रासुद्धा, सांकेतिक रूपात नऊ वर्ण खाते. त्यामुळे ‘सोलापुरी टेरी टॉवेल घाऊक दर’ या शीर्षकाच्या लिंकमधून ‘दर’ हा शब्दच कापला गेला, आणि उरलेली लिंक व्हॉट्सॲपवर टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ होऊन पोहोचली. लिंक रोमन अक्षरांत हाताने लिहिणे हाच सोपा उपाय. जूमलात युनिकोडची (लिंकमध्ये देवनागरी अक्षरे चालू देणारी) सेटिंग चालू केली नाही तर मराठी शीर्षकाऐवजी लिंकमध्ये तारीख आणि वेळ येऊन बसते. ड्रुपलमध्ये पाथऑटो हे मोड्यूल, म्हणजे वरून जोडायचा भाग, घेतले की मराठीचे रोमन रूपांतर आपोआप होते, आणि या एका बाबतीत तो तिघांत उजवा ठरला.

भाषांचा प्रश्न सोलापुरात टाळता येत नाही. आमचे बरेच विणकर घरी तेलुगू बोलतात, कर्नाटकातले व्यापारी कन्नडमध्ये विचारणा करतात. जूमलात एकाहून अधिक भाषांतील मजकुराची सोय २०११ पासून मूळ प्रणालीतच आहे. वर्डप्रेसमध्ये त्यासाठी पॉलिलँगसारखे प्लगिन, म्हणजे वरून बसवायचे जोड-सॉफ्टवेअर, लागते. केवळ या कारणाने मी दोन दिवस जूमलाकडे झुकलो होतो, पण त्यातील मेनू, मोड्यूल (इथे पानावरच्या छोट्या चौकटी) आणि कॅटेगरी यांचा परस्परसंबंध मामांना समजावताना मलाच घाम फुटला. शिवाय जूमला जाणणारा माणूस शहरात शोधावा लागतो.

ड्रुपलबद्दल मला आदर आहे. लांबी, रुंदी, जीएसएम अशी स्वतंत्र रकाने आखून हव्या तशा याद्या काढण्यात तो इतरांपेक्षा सरस आहे, आणि विद्यापीठासारख्या संस्थेसाठी, जिथे दहा विभाग वेगवेगळ्या अधिकारांनी मजकूर टाकतात, मी त्याचाच विचार केला असता. परंतु जानेवारी २०२५ मध्ये ड्रुपल ७ चा अधिकृत आधार संपला, म्हणजे त्याला दुरुस्त्या मिळणे थांबले, आणि त्यावरून पुढच्या आवृत्तीत जाणे म्हणजे जवळजवळ नव्याने बांधकाम. चाळीस प्रकारच्या टॉवेलसाठी एवढा पसारा झेपणारा नाही.

शेवटी वर्डप्रेसच घेतला. मात्र प्लगिन पाचच ठेवले आहेत, कारण वर्डप्रेसमधील सुरक्षेच्या त्रुटी बहुतांशी प्लगिनमधूनच येतात, आणि अनोळखी ठिकाणची फुकट मिळणारी महागडी थीम तर कोणी बसवूच नये. सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेआधी मामांनी चौदा डिझाइनची पाने चढवली. घाऊक दराच्या पानाच्या लिंकमधला ‘दर’ अजूनही कापलेलाच आहे. ती लिंक व्यापाऱ्यांकडे गेली असल्याने मामा ती बदलू देत नाहीत.