ऑब्सिडियन या नोट्सच्या ॲपमध्ये आवडीचे तुकडे साठवतोय, नऊ महिने झाले

आधी माझं सगळं विखुरलेलं होतं. गाणी प्लेलिस्टमध्ये, सिनेमातले सीन स्क्रीनशॉटमध्ये, कवितेच्या ओळी स्वतःलाच पाठवलेल्या मेसेजात आणि विज्ञानाचे लेख एका 'नंतर वाचू'वाल्या सर्व्हिसमध्ये, जी एक दिवस बंदच पडली. एक्सपोर्ट मिळाला म्हणा, पण हातात आली नुसती लिंकांची यादी, त्यातल्या बऱ्याच मेलेल्या.

ऑब्सिडियन घेतलं ते एवढ्यासाठीच की नोट्स साध्या मार्कडाउन (म्हणजे निव्वळ मजकुराच्या) फाइली म्हणून आपल्याच मशीनवर राहतात, उद्या ॲप गेलं तरी नोटपॅडमध्ये उघडतील. वापरायला फुकट, सिंक हवं असेल तर वेगळे पैसे. मी ते वाचवायला फोल्डर क्लाउडवर टाकला, फोन आणि लॅपटॉपवर एकाच वेळी लिहीत बसलो आणि एकेका नोटच्या दोन-दोन कॉपी करून घेतल्या. चूक माझीच.

पहिले दोन आठवडे थीम आणि प्लगिनांत गेले, कबूल. मग ब्राउझरमधलं पान थेट नोट म्हणून उतरवणारं वेब क्लिपर लावलं आणि हावरटासारखा दिसेल ते ओढत सुटलो, दीड महिन्यात चारशे नोट्स, त्यातल्या परत उघडल्या जेमतेम दहा. शेवटी नियम केला, हे का आवडलं ते आपल्या शब्दांत एका ओळीत लिहायचं, ओळ सुचली नाही तर ठेवायचंच नाही. निम्मं तिथंच गळलं.

त्या ओळींची किंमत नंतर कळली. गायिका केसरबाई केरकरांच्या भैरवीच्या नोटमध्ये मी लिहिलं होतं, "हा आवाज खोलीत मावत नाही." महिन्याभराने नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानांची नोट करत होतो, १९७७ साली सोडलेल्या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे ना, तिच्यावरच्या गाण्यांत केसरबाईंचं 'जात कहां हो' दिसलं. नावाभोवती दुहेरी चौकोनी कंस टाकले तर जुनी नोट जोडली गेली आणि ती ओळ समोर. खोलीचं काय घेऊन बसलात, व्हॉयेजर १ तर २०१२ मध्येच सूर्याच्या हेलिओस्फिअरच्या, म्हणजे सौरवाऱ्याच्या फुग्याच्या, बाहेर पडलंय! काम राहिलं बाजूला, तासभर तेच ऐकत बसलो.

सिनेमाचं थोडं अवघड आहे. यूट्यूबच्या लिंकला नेमका सेकंद जोडता येतो पण व्हिडिओच उडाला तर काय, म्हणून सीन दोन वाक्यांत लिहूनच ठेवतो, कॅमेरा कुठे थांबला, कोण गप्प राहिलं वगैरे. लेखाची एक प्रत वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर, सेव्ह करतो. स्क्रीनशॉट बंद केले, चित्रातली अक्षरं माझ्या सर्चमध्ये येत नाहीत.

कविता मात्र हातानेच टाइप करतो. कॉपी-पेस्ट केली की कडवी एकमेकांना चिकटतात, आणि टाइप करताना लक्षात येतं की इतकी वर्षं पाठ म्हणून मिरवलेली ओळ आपण चुकीचीच म्हणत होतो.