ऑइल प्रेशर गेज किट : पावागडच्या चढानंतर बदललेलं मत

इंजिन ऑइलचा दाब मोजायचं हे किट मी रागाच्या भरात घेतलं. आमची सेकंड हँड पेट्रोल हॅचबॅक गरम झाली आणि वडोदऱ्यात फतेगंजच्या सिग्नलला थांबली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकायचा. सर्व्हिस सेंटरने डिपस्टिक बघितली, तेल पुरेसं आहे म्हणाले आणि थेट ऑइल पंप व बेअरिंगचं एस्टिमेट हातात ठेवलं: ३८,००० रुपये. दाब किती आला, असं विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब, एन्जिन खोलवुं पडशे" (इंजिन उघडावं लागेल). म्हणजे दाब मोजलाच नव्हता. न मोजता एवढ्या रकमेचं काम सांगणं मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. घरी आलो आणि १,८५० रुपयांचं हे किट मागवलं.

गेजची गरज का पडते, तर डॅशबोर्डवरचा दिवा दाब सांगतच नाही. तो इंजिनवरच्या एका छोट्या स्विचवर चालतो. दाब साधारण ०.३ ते ०.५ बारच्या (बार हे दाबाचं माप) खाली गेला की पेटतो, वर गेला की विझतो. गरम इंजिन ०.७ बारवर चाललंय की ३ बारवर, दिव्याला दोन्ही सारखंच. गेज मात्र स्विचच्याच भोकात बसतं आणि खरा आकडा दाखवतं.

आता अडॅप्टर, म्हणजे गेजची होज इंजिनला जोडणारा आट्यांचा तुकडा. याबद्दल मी लांबण लावणार आहे, कारण इंजिनचं खरं नुकसान इथेच होऊ शकतं. जपानी बनावटीच्या बऱ्याच इंजिनांवर या स्विचला १/८ बीएसपीटी (ब्रिटिश मापाचे) आटे असतात: इंचाला २८, कोन ५५ अंश. किटमधला १/८चा अडॅप्टर निघाला एनपीटी (अमेरिकन मापाचा): इंचाला २७, कोन ६० अंश. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही. हाताने एक-दोन फेरे छान जातो आणि मग अडतो. तिथे पाना लावून जोर दिला की ॲल्युमिनियमचे आटे गेलेच. पेटीवर मोठ्या अक्षरात 'युनिव्हर्सल' छापलंय आणि आत अडॅप्टरांची रांग आहे, पण एकावरही आट्यांचं माप कोरलेलं नाही. विकणाऱ्याला कळवलं, तर "सगळ्या गाड्यांना बसतो" एवढंच उत्तर आलं. शेवटी मकरपुरा जीआयडीसीतल्या एका लेथवाल्या काकांनी काढलेल्या जुन्या स्विचवर थ्रेड गेज लावून माप घेतलं आणि १५० रुपयांत पितळेचा अडॅप्टर करून दिला. किटमधली सगळ्यात चांगली वस्तू आज तीच आहे, आणि ती किटबरोबर आलेली नाही!

पहिलं मोजमाप इंजिन पूर्ण तापवून, रेडिएटरचा पंखा फिरून बंद झाल्यावर घेतलं. आयडलला (रेस न देता) १.२ बार, ३,००० आरपीएमला ३.१ बार. दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, हा मेकॅनिक लोकांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तब्येत उत्तम. काढलेल्या स्विचच्या कनेक्टरमध्ये तेल झिरपलेलं होतं. नवीन स्विच ३५० रुपयांना आला आणि लुकलुक थांबली. तो बसवताना आट्यांवर टेफ्लॉन टेपचे थर चढवू नका. एका वायरचा स्विच अर्थिंग आट्यांमधूनच घेतो. ते तुटलं तर दाब खरोखर गेला तरी दिवा पेटणार नाही. किल्ली फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी दिवा लागतोय ना, हे बघायलाच हवं.

तेव्हाच लिहिलं असतं तर 'एकदा वापरून माळ्यावर टाकायचं हत्यार' असं लिहिलं असतं. मे महिन्यात ते मत बदललं.

पावागडला निघालो होतो. चांपानेर सोडून माचीकडे चढताना दिवा पुन्हा पेटला, आणि या वेळी रेस दिल्यावर. जागच्या जागी इंजिन बंद केलं. गाडी टो करून वडोदऱ्याला आणली. तो खर्च खुपला, पण लाल दिव्यावर चार किलोमीटर ओढलेली गाडी क्रँकची बेअरिंग खाऊ शकते, त्यापुढे टोचे पैसे काहीच नाहीत.

पुन्हा गेज लावलं. आयडलला ०.९. रेस वाढवली तसा काटा आधी वर गेला, आणि ३,०००कडे जाताना थरथरत खाली कोसळला. बेअरिंग झिजलेली असती तर गरम आयडलला दाब कमी दिसला असता आणि रेसबरोबर वाढला असता. इथे उलटं होत होतं: पंपाला जास्त तेल हवं झालं की ते मिळत नव्हतं. म्हणजे अडचण पंपाच्या आधी, तेल ओढण्याच्या बाजूला. दांडिया बाजारातल्या आमच्या मेकॅनिकला वहीतले दोन्ही वेळचे आकडे दाखवले. तो म्हणाला, "काका, आधी चेंबर उतरवू. पंपाचं मग बघू."

चेंबर (इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं) उतरवलं तर पंप जिच्यातून तेल ओढतो ती जाळी जवळजवळ बुजलेली. काळा गाळ, आणि त्यात सिलिकॉनच्या लाल चिंध्या. आधीच्या मालकाच्या काळात कुणीतरी चेंबर बसवताना सिलिकॉन सढळ हाताने थापलं होतं. दाबून आत आलेली कड सुटून जाळीवर जमली. जाळी साफ केली, जुनं सिलिकॉन खरवडून बारीक रेघ ओढली, तेल आणि फिल्टर नवीन. सगळं मिळून ४,६०० रुपये. आता आयडलला १.४, ३,०००ला ३.४.

मध्यंतरी दोघा-तिघांनी २०डब्ल्यू-५० हे घट्ट तेल टाकायचा सल्ला दिला होता. तो ऐकला नाही हे बरं झालं. १०० अंशांना ३० ग्रेडचं तेल ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक (घट्टपणाचं माप) असतं, ५० ग्रेडचं १६.३च्या वर. घट्ट तेलाने आयडलचा आकडा वाढला असता, पण बुजलेल्या जाळीतून ते ओढणं पंपाला आणखी जड गेलं असतं. मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० आहे, तेच चालू आहे.

किटमधल्या तक्रारी अजून आहेत. डायल ० ते १० बारची आहे. आपल्याला काळजी असते ती पहिल्या दीड बारची, आणि तो भाग अंगठ्याएवढ्या जागेत दाटलाय. ० ते ७ची, ग्लिसरीन भरलेली डायल मिळाली तर तीच घ्या, काटा कमी थरथरतो. होज एक्झॉस्टपासून लांब बांधा आणि गेज लावून रस्त्यावर गाडी काढू नका, गरम तेल एक्झॉस्टवर उडालं तर आग लागते. माझ्या होजच्या क्रिम्पपाशी (टोकाला दाबून बसवलेल्या जोडापाशी) आता तेलाचा ओलावा दिसतोय. पुढच्या ऑइल चेंजच्या आधी हायड्रॉलिक होजवाल्याकडून नवीन क्रिम्प करून घेणार आहे.