चाळीस दिवस उघडू नका

‘जालना सोने का पालना’ असं आमच्या गावाबद्दल म्हणतात. आता सोन्यापेक्षा सळईच जास्त निघते. मी स्वतः सोळा वर्षं रोलिंग मिलमध्ये काढली. तरी पोलादातच गंडलो, म्हणून हे लिहायला बसलो. घरातले म्हणाले, कशाला स्वतःचं हसं करून घेता. पण मला फसवणारा माणूस आज दुसऱ्या कुणाच्या तरी ओसरीवर चहा पीत असेल.

माझ्याकडे घडीचे तेवीस चाकू होते. सुरुवात आजोबांच्या, म्हणजे बापूंच्या, चाकूने झाली. त्यांची मोसंबीची रोपवाटिका होती. जंबेरी लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरायचा, म्हणजे कलम करायचं, त्याचा हा चाकू. एका टोकाला पातं आणि मुठीच्या दुसऱ्या टोकाला हाडाची चपटी जीभ, साल अलगद उचलायला. पुढे भंगारवाल्याकडून वजनावर घेतलेले आले, मिलमधल्या साहेबांनी दिलेला लाल स्विस चाकू आला. एक इंग्लंडमधल्या शेफील्डचा होता, रॉजर्स कंपनीचा. त्याच्या पात्याच्या बुडाशी मुकुट आणि व्ही आर ही अक्षरं, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातला, 1901 च्या आधीचा.

मे महिन्यात या सगळ्यांचा फोटो मी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. फोटो कुठे कुठे फिरला कोण जाणे. आठवडाभरात एक गृहस्थ दारात आले. पन्नाशीचे, स्वच्छ शर्ट, गळ्यात सोनाराचं भिंग. जुन्या चाकूंची निगा राखतो म्हणाले.

दागिने पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला आमची सौ. उंबरा ओलांडू देत नाही. हे मात्र दोन तास बसले. का, तर ते खरं बोलत होते. निजामाच्या राज्यात कोनासमुद्रम नावाचं गाव होतं, आता तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यात आहे, तिथलं उक्कू पोलाद न्यायला इराणचे व्यापारी यायचे, हे त्यांनी सांगितलं. माझे चाकू चामड्याच्या म्यानात बघून ‘अरेरे’ म्हणाले. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्ल त्यात राहतात, ते ओल धरतं, पातं आतून गंजतं आणि पितळेवर हिरवा कळंक चढतो. खोबरेल लावू नका, ते चिकट होतं. सेल्युलॉइडच्या मुठीचा चाकू वेगळा ठेवा, ती मूठ जुनी झाली की आम्लाची वाफ सोडते आणि शेजारच्यांनाही गंजवते. हे सगळं नंतर मी पडताळून पाहिलं. एकही शब्द खोटा नव्हता.

मग दोन चाकू त्यांनी माझ्यासमोर फुकट साफ केले. कोमट साबणपाणी, जुना टूथब्रश, सांध्यातली घाण काढायला दात कोरायची काडी. खडखडीत पुसून पंख्याखाली ठेवले, पिनेजवळ शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब टाकला आणि चार-पाच वेळा उघड-मीट केली. खटका असा वाजला की मी खूश! वर म्हणाले, पात्यावरचा करडा-काळा रंग घासू नका, ती पोलादाची साय आहे, काढायचा तो तांबडा गंज.

इथे मी चुकलो. सायीचं त्यांचं बोलणं ऐकूनही मीच म्हणालो, “थोडी चकाकी आली तर बरं.” माणूस तेवढ्याचीच वाट बघत असावा. अकरा चाकूंना कारखान्यात न्यावं लागेल, नगाला 350 रुपये, दोन हजार आगाऊ. मी दिले. पावती मागितली नाही. चाकू त्यांनीच निवडले, आणि ते अकरा नेमके कुठले हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

जूनच्या मध्याला ते परत आले. प्रत्येक चाकू तेलकट कागदात, वरून प्लॅस्टिक, कडा चिकटवलेल्या. उरलेले 1,850 घेतले आणि बजावलं, “चाळीस दिवस उघडू नका, तेल पोलादात मुरतंय.” पोलाद तेल पीत नाही हो! लोणचं आहे का ते मुरायला? सोळा वर्षं मिलमध्ये काढलेल्या माणसाने हे ऐकून मान डोलावली आणि पुडकी कपाटात ठेवली.

चाळीस दिवसांनी कागद सोडले, तेव्हा त्यांचा फोन बंद झालेला होता. सात चाकू माझेच होते, पण आम्लात बुचकळलेले. सांध्यात आम्ल राहून तिथून तांबडा गंज फुटला होता, वर प्लॅस्टिकमध्ये पावसाळ्याची ओल कोंडलेली. हाडाच्या मुठी खडूसारख्या पांढऱ्या. दोन पात्यांची धार निळी पडली होती. पॉलिशच्या चाकावर पातळ धार सुमारे 300 अंशांपर्यंत तापली की असा निळा रंग चढतो, आणि पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. त्या पात्यांची धार आता पेरू कापेपर्यंतही टिकत नाही. उरलेले चार मात्र बदललेलेच निघाले. स्विस चाकूच्या जागी नक्कल, मोठ्या पात्याच्या बुडाशी ‘व्हिक्टोरिनॉक्स’ ठसाच नाही. रॉजर्सच्या जागी कसलंसं गुळगुळीत पातं. विचारलं असतं तर पॉलिशमध्ये ठसा गेला म्हणाले असते.

बापूंचा चाकू परत आला असंच मी आणखी महिनाभर समजत होतो. तोच आकार, मूठ जुनी, टोकाला हाडाची जीभ. त्यांच्या हाताखाली डोळे भरलेले एक म्हातारे गडी भेटायला आले, आम्ही त्यांना मामा म्हणतो. कौतुकाने चाकू त्यांच्या हातात दिला. त्यांनी पात्यावरून अंगठा फिरवला.

“हा बापूंचा नाही.”

“काहून मामा?”

“त्यांचं पातं पाजळून पाजळून करंगळीएवढं उरलं होतं. घासून पातं रुंद होतंय का कधी?”

पोलिसांकडे जायला मला आणखी पंधरा दिवस लागले. आमच्या घरून निघताना तो चाकूवाला हसत म्हणाला होता, “फार बोलू नका साहेब, एवढे चाकू म्हणजे लोक हत्यारांचा साठा म्हणतील.” ती भीती मनात बसली होती. शस्त्र नियमांत येतात ती 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं, त्यातही घरकामाची आणि शेतीची वगळून. माझं सर्वांत लांब पातं साडेतीन इंच. ठाण्यात कुणी साठ्याचं नावही काढलं नाही. त्यांनी विचारलं, “ओळख पटवायला काय आहे?” माझ्याकडे तो एक लांबून काढलेला फोटो.

आता प्रत्येक चाकूच्या ठशाचा जवळून फोटो आहे, पात्याची लांबी-रुंदी व्हर्नियरने मोजून वहीत लिहिली आहे आणि वजन सोनाराच्या काट्यावर ग्रॅमच्या दशांशापर्यंत. हे आधी असतं तर पुडकं घेतानाच काट्यावर ठेवता आलं असतं. घराबाहेर एकही चाकू जात नाही. म्यानं वेगळी ठेवली, चाकू सुती कापडात आणि औषधांच्या डब्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत लोखंडी पेटीत. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी पेटी उघडतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात शिंगाच्या मुठी तडकतात, त्यांना एप्रिलमध्ये तेलाचं बोट फिरवतो.

त्याने माझ्या ओसरीवर बसून साफ केलेले ते दोन चाकू वरच्याच कप्प्यात आहेत. दोन पावसाळे झाले, त्यांच्यावर गंजाचा एक ठिपका नाही.