बटेरांच्या पिल्लांसाठी प्रोबायोटिक पावडर घेताय? आधी हे वाचा

मी घणसोलीत राहतो, मुरबाडजवळ मेव्हण्याच्या जागेत आम्ही दोघांनी जपानी बटेरांचं छोटं शेड टाकलंय. मार्चच्या बॅचला मर लागली आणि नेमका तेव्हाच ओळखीतून एक माणूस प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवंत जंतूंची पावडर विकायला आला. म्हणाला, फिनलंडमध्ये 1973 ला नुर्मी आणि रांताला यांनी दाखवलंय की मोठ्या कोंबडीच्या आतड्यातले जंतू नुकत्याच निघालेल्या पिल्लांना दिले तर साल्मोनेला हा आजाराचा जंतू तिथे टिकत नाही. आता हे खरंच आहे हो, म्हणूनच तर फसलो. हॅचरीतल्या पिल्लाला आई भेटतच नाही, त्याचं आतडं म्हणजे कारशेडमधून सुटलेली ठाणे लोकल, जो आधी चढला त्याला सीट, चांगले जंतू आधी बसले की वाईटांना जागाच उरत नाही.

5 किलो पावडरचे 14 हजार घेतले, सगळे जीपेवर, बिल उद्या पाठवतो म्हणाला ते आजपर्यंत आलं नाही. सांगितलं काय तर पाण्याच्या टाकीत टाका, डॉक्टर नको, अँटिबायोटिक तर अजिबात नको, आजारी पक्षीपण तीन दिवसांत उठतील.

पुढच्या बॅचला पहिल्या दिवसापासून दिली. चौथ्या आठवड्यात पांढरी पातळ विष्ठा सुरू झाली, पक्षी पिसं फुलवून कोपऱ्यात बसायला लागले, ह्याला फोन केला की एकच, "चालू ठेवा, जंतू बसायला वेळ लागतो." त्यात चार दिवस गेले आणि 500 पैकी 310 पक्षी गेले. 14 हजारांपेक्षा हे चार दिवस मला जास्त लागतात, मेव्हणा तर आठवडाभर शेडकडे फिरकला नाही.

डॉक्टरांनी मेलेला पक्षी उघडून दाखवला, आतड्यात जखमा, लिव्हरवर पिवळे डाग. अल्सरेटिव्ह एन्टरायटिस, क्लॉस्ट्रिडियम कॉलिनम नावाच्या जंतूने होतो, बटेरांत इतका दिसतो की त्याला क्वेल डिसीज, म्हणजे बटेरांचा आजारच म्हणतात. ते म्हणाले चांगले जंतू आजार यायच्या आधी द्यायचे असतात, आजार आल्यावर ते औषध नाही, तेव्हा लगेच डॉक्टरांच्या सल्ल्याने अँटिबायोटिकच लागतं. वर आमच्या टाकीत पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर असते, त्या क्लोरीनने असलेले जंतूपण मरतात, हे विकणाऱ्याने विचारायला नको होतं का?

मग घरी आईने विरजणासारखी चिमूटभर ती पावडर कोमट दुधात टाकून ठेवली, डब्यावर लॅक्टोबॅसिलस, म्हणजे दह्यातल्यासारखे जंतू असं लिहिलंय ना, पण सकाळपर्यंत दूध जसंच्या तसं. तेवढ्यावर विश्वास नको म्हणून महाप्याच्या एका लॅबला सॅम्पल दिलं. डब्यावर ग्रॅमला 100 कोटी, रिपोर्टमध्ये जिवंत जंतू जवळजवळ नाहीतच.

सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर तक्रार केलीय, ग्राहक हेल्पलाइन 1915 वर पण. आता कोणी असं काही घेऊन आला की मी जंतूचं पूर्ण नाव आणि स्ट्रेन म्हणजे त्यातला नेमका प्रकार, ग्रॅममध्ये किती जिवंत, बॅच नंबर, एक्सपायरी आणि कुठल्या तापमानाला ठेवायची हे विचारतो, आणि पक्क्या बिलाशिवाय एक रुपया देत नाही.

हा माणूस सध्या शहापूरकडे फिरतोय असं कळलंय, आमच्या वेळी डबा हिरवा होता, आता म्हणे निळा केलाय.